जरा बांगडे म्यूट कर

आमच्या घराण्यात आजवर कोणाला माइकची गरज पडली नव्हती. वेंगुर्ल्याच्या बाजूला दोन घरांमध्ये माड असतात, पोफळी असतात, एखादा व्हाळ असतो. पलीकडे निरोप पोचवायचा तर रेंज शोधण्यापेक्षा खळ्यात उभं राहून हाक मारणं सोपं पडतं. बाबा काजीच्या बागेतून चहा मागतात तेव्हा तो आईबरोबर शेजारच्या काकींनाही ऐकू जातो, आणि कधीकधी चहा तिकडूनच येतो.

अशा घरात बसून मी पुण्यातल्या कंपनीची नोकरी करतो. मिटिंगा सगळ्या लॅपटॉपवर. लॅपटॉपचा माइक सर्वांना समान लेखतो: माझं बोलणं, मिक्सर, कावळे, खळ्यातल्या पत्र्यावर धाडकन पडणारा नारळ, सगळं एकाच भक्तिभावाने पुण्याला पोचवतो. शिवाय उंच छपराच्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवरून परतून येतो. "तू विहिरीत बसून बोलतोयस का?" असं टीममधल्या एकीने विचारलं, तेव्हा मी कॅमेरा लावून विहीर नसल्याचा पुरावा दिला.

पण खरा प्रसंग तिमाहीचे आकडे वाचताना आला. दारात हाळी उठली, "बांगडे हत गे, सुंगटां हत!" आईने ओटीवरून विचारलं, "कशे दिलंस?" मग दोघींची जी घासाघीस सुरू झाली तिच्यापुढे आमच्या तिमाहीचा काय पाड! अकरा माणसं मुकाट ऐकत होती. व्यवहार जमल्यावर आमचे साहेब, जे मूळचे सोलापूरकडचे आणि कट्टर शाकाहारी, अतिशय सौम्यपणे म्हणाले, "जरा ते बांगडे म्यूट कर."

त्या दिवशी माइक घ्यायचं ठरलं.

वास्तविक माइकचं अर्धं शास्त्र आमच्याकडे जत्रेच्या रात्री फुकट शिकायला मिळतं. दशावतारात रंगमंचावर वरून एक माइक लोंबत असतो. राजा त्याच्याखाली उभा असेपर्यंत साऱ्या गावाला धाक. युद्ध करता करता तो चार पावलं बाजूला सरकला की राजा गडप, आणि कर्ण्यातून नुसता पखवाज आणि झांज. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने खाली येतो. निम्मं केलं की तेवढाच वर चढतो. म्हणजे तोंडापासून हातभर लांब असलेला माइक दोन बोटांवर आणला की वीसेक डेसिबलची कमाई होते, तीही पैसा न मोजता. जुने दशावतारी माइकशिवाय पहाट करायचे, ती गोष्ट वेगळी. त्यांना मिटिंगा नव्हत्या.

पण दुकानात अंतर मिळत नाही, खोकी मिळतात. कुडाळच्या दुकानदाराने एक काळंभोर खोकं पुढे केलं. त्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' ही अक्षरं हेडफोनपेक्षा मोठी. "कानाक लावा, भायलो आवाज एकदम बंद!" तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाहेरच्या आवाजाच्या लाटेवर बरोबर उलटी लाट सोडून तो जिरवला जातो. फक्त तो जिरतो आपल्या कानात. एएनसी, म्हणजे खोक्यावरचं हेच नॉइज कॅन्सलेशन, ही ऐकणाऱ्याची सोय. समोरच्याला शांतता द्यायची तर माइकच्या बाजूला ईएनसी नावाचा वेगळा बंदोबस्त लागतो, आणि ही दोन भावंडं खोक्यावर इतकी शेजारी छापतात की कोणीही फसावं. परिणाम असा की मी हिमालयातल्या ऋषीसारखा निवांत आणि उरलेली टीम वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात.

वर आणखी एक भानगड. कान असे गच्च बंद झाले की स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही, आणि माणूस नकळत सूर चढवतो. गोंगाटात माणसं आवाज का चढवतात याचं निरीक्षण फ्रान्सच्या एत्येन लोंबार नावाच्या कानाच्या डॉक्टरने 1911 साली मांडलं होतं. कोकणात येऊन गेला असता तर त्याला गोंगाटाची अटही घालावी लागली नसती. बऱ्या हेडसेटमध्ये यावर 'साइडटोन' असतो, म्हणजे आपलं बोलणं थोडं आपल्याच कानात सोडतात. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये ते होतंच. माझ्या खोक्यात नव्हतं. मी "पुढची स्लाइड" एवढंच म्हणालो, तर बाबा हातात कोयता घेऊन दारात. "कोण रे तो? कोणाशी भांडतंस?"

मग पुतण्याने ब्लूटूथ सुचवलं. गाणी ऐकताना काय तो गोडवा! पण मिटिंग सुरू होऊन माइक चालू झाला की जुन्या ब्लूटूथची जोडणी गाण्याच्या पद्धतीवरून फोनच्या पद्धतीवर उडी मारते. तिथे आवाजाचे सेकंदाला 8 हजार, फार तर 16 हजार नमुने घेतले जातात, आणि साहेबांचा आवाज एकदम पिठाच्या गिरणीत शिरतो. शिवाय आमच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. पाणी प्यायला माजघर ओलांडलं की मी कंपनीतून गेलो.

वायरवाला घ्यावा तर समुद्र आडवा येतो. खाऱ्या वाऱ्याने साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर एका पावसाळ्यात हिरवी पुटं चढली आणि कानात करकर सुरू झाली. आईने ती पिन उजेडात धरून पाहिली आणि चिंच लावून घासून देते म्हणाली. समया तशाच लखलखतात तिच्या. मी ती हिसकावून घेतली. तेव्हापासून आईला वाटतं, मला वस्तू नीट ठेवता येत नाहीत आणि दुसऱ्याला ठेवूही देत नाही.

चुलतभाऊ भजनांचे व्हिडिओ करतो, त्याने आपला टेबलावरचा कंडेन्सर माइक वापरायला दिला. त्याची 'कार्डिऑइड' का काय ती हृदयाकृती पद्धत: समोरचं ऐकायचं, पाठीमागचं टाळायचं. ऐकायला सोज्वळ वाटतं. पण माइकच्या समोर मी, आणि माझ्या पाठीमागे जे काही असेल तेही त्याच्या समोरच! खिडकीकडे पाठ केली तर समुद्र आणि कावळे. स्वयंपाकघराकडे पाठ केली तर फोडणी. ओटीकडे केली तर बाबा. वास्तुशास्त्राला आठ दिशा पुरतात, मला नववी हवी होती. आठवडाभर टेबल खोलीत प्रदक्षिणा घालत होतं आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "कामात लक्ष लागत नाय त्याचा."

राहता राहिला आवाज गाळणारा सॉफ्टवेअरवाला पर्याय. तो पंख्याची घरघर झकास काढतो, रिपरिप पाऊसही बऱ्यापैकी. पण त्याला शिकवलेलं असतं की माणसाचा आवाज ठेवायचा, बाकीचं काढायचं. म्हणजे मासेवाली राहिली, काकी राहिल्या, बाबा तर खणखणीत राहिले. आषाढात कौलांवर पाऊस कोसळायला लागला तेव्हा त्याने पाऊस आणि मी एकत्रच काढून टाकले. त्या मिटिंगचं इतिवृत्त आलं, त्यात माझ्या नावापुढे 'सहमत' लिहिलं होतं.

शेवटी जमलं ते कॉल सेंटरवाले घालतात तसल्या यूएसबी हेडसेटने. दिसायला सामान्य, गाणी ऐकायला बेताचा, पण तोंडाशी येणारी दांडी आहे. माइक ओठांच्या अगदी समोर न धरता कोपऱ्याशी, दोन बोटांवर. म्हणजे 'प', 'फ', 'भ'च्या फुंकरी त्यावर आदळत नाहीत. दांडी वर केली की आपोआप म्यूट, त्यामुळे मासेवाली आली की मी सलाम ठोकल्यासारखा हात वर नेतो. साउंडची व्यवस्था त्याच्या त्याच्यात असल्याने करकरणाऱ्या गोल पिनेशी संबंध संपला. चुलतभावाच्या माइकच्या मानाने फारच स्वस्त.

फक्त श्रावणात त्याच्या कानाच्या गाद्यांना बुरशी आली. इथे चपलांना येते, पट्ट्यांना येते, तर रेक्झिनच्या गाद्यांनी काय घोडं मारलंय? आईने एका दुपारी जुन्या फुलाफुलांच्या झंपराच्या दोन टोप्या शिवून त्यांवर चढवल्या, नाडीसकट. धुवायला सोप्या, घाम टिपतात, कान तापत नाहीत. पुढच्या मिटिंगला मी कॅमेरा बंद ठेवायला विसरलो. साहेब काही बोलले नाहीत. दोघा-तिघांनी मात्र चॅटवर खाजगीत विचारलं, कुठे मिळतात. आणि आई आता सगळ्यांच्या कानांची मापं मागते आहे.