ताईची मटकी कुणी बंद केली?

परवा रविवारी नाशिकच्या सिडकोत ताईकडे गेले, तर दारातच तिनं माझ्या हातात एक कापडी पिशवी ठेवली. जड लागली म्हणून उघडून पाहिली. आत जुन्या नॅपकिनात गुंडाळलेले दोन डंबेल्स, दोन-दोन किलोचे, मीच तिला आणून दिलेले. "घेऊन जा बाई. आणि ती मटकी, ती अंडी, तेही आता मला सांगू नकोस. चाळिशीनंतर किडन्या जातात त्यानं."

कुणी सांगितलं, म्हटलं. तिनं मोबाइल पुढे केला.

भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता. 'परदेशातल्या एका मोठ्या किडनीतज्ज्ञाचा इशारा.' तज्ज्ञाचं नाव नाही, गावाचंही नाही. मजकूर थोडक्यात असा: चाळिशीनंतर प्रोटीन पचत नाही, ते किडनीत साचतं, म्हणून अंडी, पनीर, मोड आलेली कडधान्यं बंद करा. या वयात स्नायू वाढतच नाहीत, वजनं उचलून नुसते सांधे झिजतात, बायकांचं गर्भाशय खाली सरकतं आणि अंग पुरुषी होतं. प्रोटीन पावडर म्हणजे स्टेरॉइड. रोज दहा हजार पावलं चाला, तेवढं पुरे. आणि शेवटी, आपले पूर्वज कधी जिमला गेले होते का?

हाच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी तीन ग्रुपवर आला होता. तिन्ही वेळा मी तो न वाचता पुढे सरकले. ताईनं मात्र वाचला आणि पाळलाही. म्हणून हे लिहितेय, आणि त्याच ग्रुपवर टाकणार आहे.

ताई ५८ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या मुलीनं मनगट तपासता तपासता तिला खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवायला सांगितलं. ताईला जमलं नाही. आदल्या हिवाळ्यात आम्ही पांडवलेणीला गेलो होतो, तेव्हाही ती अर्ध्या पायऱ्यांवर बसून राहिली होती, "तुम्ही या जाऊन" म्हणाली होती. आम्हाला वाटलं दम लागला. दम नव्हता लागला, मांड्यांत जोर उरला नव्हता. मग खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, हळूहळू डंबेल्स, आणि जेवणात रोज काहीतरी प्रोटीन. पाच महिन्यांनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती सतरंजीवरून हात न टेकता उठली. हातात भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी होती. मी समोर बसले होते, पाहिलंय मी ते.

आणि एका मेसेजनं ते सगळं पिशवीत बांधून दारात आणून ठेवलं.

आधी किडनीचं घेते, कारण माणसं घाबरतात ती त्याला. 'प्रोटीन किडनीत साचतं' असं काही शरीरात होत नाही. खाल्लेलं प्रोटीन पोटात आणि आतड्यात सुटं होतं, शरीर त्यातून हवं ते घेतं, उरलेल्यातल्या नायट्रोजनचा यकृतात युरिया होतो आणि तो लघवीवाटे जातो. जास्त प्रोटीन खाल्लं की किडनी जास्त गाळते, हे खरं. पण निरोगी माणसाच्या किडनीचं कामच ते. हा ताण हळूहळू किडनी बिघडवतो का, हा प्रश्न अभ्यासकांनीही घेतला होता. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटानं २०१८ साली २८ अभ्यास एकत्र करून पाहिले. १,३०० हून अधिक माणसं होती त्यांत. निरोगी माणसांत जास्त प्रोटीनमुळे किडनीचं काम खालावल्याचं दिसलं नाही.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते, नाइलाजानं का होईना. ज्यांची किडनी आधीच बिघडलेली आहे आणि डायलिसिस सुरू नाही, त्यांना डॉक्टर प्रोटीन मोजून खायला सांगतात. तो सल्ला खरा आहे, पण त्या रोग्यांसाठी आहे. कुणीतरी तो उचलून चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांवर चिकटवला. आमच्या भाऊजींची साखर बारा वर्षांची आहे. त्यांनी पनीर वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यातून कळतं) तपासून घ्यावं, हे मीच त्यांना सांगितलं. पण ताईला साखर नाही, रक्तदाब नाही. तिचा जूनमधला रिपोर्ट तिच्याच कपाटातल्या फाइलमध्ये होता. मी काढून दाखवला, क्रिएटिनिन व्यवस्थित. स्वतःचा रिपोर्ट घरात असताना बिननावाच्या डॉक्टरवर विश्वास का ठेवायचा?

आणि 'जास्त' प्रोटीन खातंय कोण? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांनी २०२० साली ठरवलेलं प्रमाण वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. ताईचं वजन ६० किलो, म्हणजे दिवसाला साधारण ५० ग्रॅम. तिच्याच स्वयंपाकघरात बसून आम्ही हिशोब केला. सकाळी चहा आणि पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरणाची वाटी, चमचाभर दही, रात्री वरणभात. कसंबसं तीस-पस्तीस ग्रॅम. चतुर्थीला त्याहून कमी, कारण साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, खिचडीत जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून. म्हणजे जी बाई आधीच पंधरा ग्रॅमनं कमी पडतेय, तिला हा मेसेज सांगतोय की अजून कमी कर. पासष्टीपुढच्या माणसांसाठी तर वार्धक्यशास्त्रातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१३ साली दर किलोला १ ते १.२ ग्रॅम सुचवलंय. वय वाढलं की त्याच घासातून स्नायू कमी बांधला जातो, म्हणून घास मोठा लागतो. मेसेजच्या बरोबर उलट.

मटकीवरचा राग तर मला कळतच नाही. नाशिकमध्ये मटकीची ओळख करून द्यायची वेळ यावी! मिसळ खाऊन मोठे झालेलो आपण. मिसळीवरची तर्री आणि शेव-फरसाण जपून खा म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. पण त्या सगळ्याखाली बसलेली मटकी हीच त्या ताटातली सगळ्यात कामाची गोष्ट. मूठभर कोरड्या मटकीच्या वाटीभर उसळीत सहा-सात ग्रॅम प्रोटीन. अंड्यात सहा. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ. मूठभर फुटाण्यांत पाच-सहा. ताईची पंधरा ग्रॅमची तूट एक उसळ आणि पन्नास ग्रॅम पनीर भरून काढतं, त्यासाठी पावडरचा डबा विकत आणावा लागत नाही.

डब्याचा विषय निघालाय तर पावडरचं सांगून टाकते. पावडर स्टेरॉइड नाही, बहुतेकदा दुधाच्या निवळीचं किंवा सोयाचं वाळवलेलं प्रोटीन असतं ते. पण पोषण संस्थेच्याच २०२४ च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असं म्हटलंय, आणि त्या मोठ्या प्रमाणात, दीर्घकाळ घेतल्यानं हाडांना आणि किडनीला धोका होऊ शकतो असंही. तेव्हा या मुद्द्यावर मेसेजच्या बाजूनं थोडं बोलता येईल. ताईला मी पावडर कधी सांगितलीच नव्हती.

आता जो मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो तो. 'या वयात स्नायू वाढतच नाहीत.' किडनीची भीती रिपोर्ट दाखवून घालवता येते. हे वाक्य मात्र माणसाला कायमचं खुर्चीत बसवतं, कारण ते ऐकल्यावर प्रयत्न करायचं कारणच उरत नाही.

ज्यांना हे वाक्य पटतं त्यांनी बोस्टनमधला एक अभ्यास पाहावा. डॉ. मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका वृद्धांच्या संस्थेतल्या दहा रहिवाशांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. त्यांची वयं ८६ ते ९६. चाळिशी नाही, साठीही नाही, नव्वदी. अशक्त, संस्थेत राहणारी माणसं, काही तर काठी घेऊन चालणारी. आठवड्यातून तीनदा, मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी, आणि लुटुपुटूचं वजन नव्हे, एका दमात जास्तीत जास्त जेवढं पेलेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. नऊ जणांनी शेवटपर्यंत केलं. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पहिल्या दिवशी दहा किलो पेलणारा पाय सत्तावीस किलो पेलायला लागला. मांडीच्या स्नायूचा आकार ९ टक्क्यांनी वाढला. दोघांनी काठी सोडली. हे १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं.

आकार ९ टक्के आणि ताकद १७४ टक्के, हा फरक मला पहिल्यांदा वाचताना चुकीचा वाटला होता. तो चुकीचा नाही. ताकदीचा मोठा भाग आधी मज्जातंतूंकडून येतो. वर्षानुवर्षं हाक न मारलेले स्नायुतंतू मेंदू पुन्हा कामाला लावायला शिकतो, अंगात मांस भरायच्या आधी. म्हणून तर ताईला तिसऱ्या आठवड्यातच "जिना हलका वाटतोय" असं झालं होतं. आरशात काहीच फरक नव्हता, आणि ती म्हणायची माझ्या मनाचे खेळ असतील.

याच डॉक्टरांचा शंभर रहिवाशांवरचा मोठा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, सरासरी वय ८७. यात काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याचा जोर वाढला. नुसतं पेय पिणाऱ्यांचा अशक्तपणा हटला नाही. एवढ्याचसाठी मी ताईच्या मागे दोन्हींचा धोशा लावते. नुसती अंडी खाऊन दिवाणावर बसलं तर मांडी भरत नाही, आणि डंबेल्स उचलले तरी स्नायू बांधायला प्रोटीन लागतंच.

सांधे झिजतात म्हणे. गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा असतो, म्हणून तर गुडघेदुखीत फिजिओथेरपिस्ट आधी मांडीचाच व्यायाम देतात. हाडांचं तर आणखी स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलणाऱ्या बायकांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता आठ महिन्यांत जवळपास ३ टक्क्यांनी वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून थोडी जास्त घटली. ताईचं मनगट मोडलं होतं हे लक्षात घेऊन वाचा. देखरेखीखाली हा शब्द मात्र गाळू नका, विरळ हाडांच्या बाईनं घरात एकटीनं जड वजन उचलायचं नाही.

गर्भाशयाचं म्हणाल तर ज्यांचं आधीच खाली आलंय त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारूनच वजन उचलावं. बाकीच्यांनी श्वास कोंडून उचलू नये, उचलताना श्वास सोडावा. त्यानं पोटावरचा दाबही कमी राहतो आणि रक्तदाबही एकदम चढत नाही. अंग पुरुषी होण्याबद्दल फार लिहीत नाही. त्याला जे टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन लागतं ते बाईच्या शरीरात पुरुषाच्या कित्येक पटींनी कमी असतं.

चालायला माझी काहीच ना नाही. मी स्वतः रोज इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर असते. हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, मनाला तर फारच. पण दहा हजार हा आकडा एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आलाय, १९६५ साली विकायला काढलेल्या. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितलाय. ताई पडली तेव्हा रोज पाऊण तास चालत होती.

राहता राहिले पूर्वज. आमची आजी पहाटे जात्यावर दळायची, विहिरीवरून दोन कळशा डोक्यावर आणि एक काखेत घेऊन यायची, चुलीपुढे उकिडवी बसायची आणि दिवसातून पन्नास वेळा उठायची. भरलेली कळशी माझ्या दोन डंबेल्सपेक्षा कितीतरी जड. आणि तालमीत जोर-बैठका काढणारे, मल्लखांबावर चढणारे कोण होते? पूर्वजच ना? आपण मिक्सर घेतला, नळ घेतला, डायनिंग टेबल घेतलं, चांगलं केलं. पण त्याबरोबर जे उचलणं-वाकणं गेलं ते कुठूनतरी परत आणावं लागेल की नाही?

हे सगळं मी ताईला एका बैठकीत ऐकवलं, जरा आवाज चढवूनच. मग तिला जेवणाच्या खुर्चीवर बसवलं, हाताची घडी घालायला सांगितली आणि उठ म्हटलं. सहा वेळा नीट उठली. सातव्या वेळी हात गुडघ्यावर गेला. तीन आठवड्यांपूर्वी ती बारा करत होती, वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. तिनं वही पाहिली आणि काही बोलली नाही.

निघताना पिशवी तिच्या चपलांच्या स्टँडवर ठेवून आले. काल रात्री फोन आला, मटकी भिजत घातलीय म्हणून. डंबेल्सचा विषय अजून तिनं काढलेला नाही. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला मी जाणार आहे.