मावशींनी सांगितलेलं लंघन

आज एका कॉलेजात ‘हरित उद्योगातलं करिअर’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. तिथून आल्यापासून डोकं ठणकतंय. रात्री शांत झाल्यावर लिहावं असं ठरवलं होतं, पण शांत व्हायची लक्षणं दिसत नाहीत, म्हणून आत्ताच लिहायला बसले.

माझ्या आधी एक सल्लागार बोलले. सूट, छान आवाज, मुलं एकदम खूश. त्यांनी प्रत्येकाला चार वर्तुळं छापलेला कागद दिला. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतील. दहा मिनिटांत भरा. जिथे चारही वर्तुळं एकमेकांत येतात तिथे तुमचं ध्येय. मग म्हणाले, आता कम्युनिटी बनवा. कम्युनिटी म्हणजे काय, तर तुमचं नेटवर्क. या क्षेत्रातल्या पाचशे लोकांशी ऑनलाइन जोडले जा. टाळ्या.

नंतर जेवण. तीनशे मुलांचं. उरलेला पुलाव, अर्धवट खाल्लेले गुलाबजाम, चहाचे कागदी कप (आतून प्लास्टिकचा थर असलेले, म्हणजे रद्दीतही न जाणारे), पाण्याच्या छोट्या बाटल्या, सगळं एकाच काळ्या पिशवीत. पर्यावरणावरचा कार्यक्रम संपवून ही मुलं त्या पिशवीशेजारून गेली. आणि मागच्या फाटकाशी एक ताई उकिडव्या बसून, हातमोजे नसलेल्या हातांनी, त्यातून बाटल्या वेगळ्या काढत होत्या. मंचावरच्या कुणालाही वाटलं नाही की ‘या क्षेत्रातली’ सगळ्यात अनुभवी व्यक्ती ती आहे.

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना मावशींची गोष्ट माहीत आहे. तरी आज पुन्हा सांगते.

२०१४ साली चाकणमधली गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीतली नोकरी सोडून मी बायोगॅसमध्ये आले. एका मोठ्या वसाहतीचा प्लांट होता, दिवसाला ५०० किलो ओल्या कचऱ्याचा. असा प्लांट नीट चालला तर रोज हॉटेलवाल्यांचा एक सिलिंडर वाचेल इतका गॅस देतो. मी मेकॅनिकल इंजिनियर, यंत्र मला कळतं, या विश्वासात होते. केबिनमध्ये नोंदवही घेऊन बसायचे. किती किलो आलं, किती गॅस निघाला, तापमान किती. सगळे आकडे एका रेषेत.

आठव्या महिन्यात गॅस विझायला लागला. आधी ज्योत पिवळी, मग फडफड, मग काहीच नाही. सामू (pH) सहाच्या खाली, म्हणजे टाकी आंबट. आंबूस वास इतका की वरच्या मजल्यावरून तक्रारी. मी पंप उघडला, पाइप तपासले, क्रशर बदलायला काढला. चार दिवस. पाचव्या दिवशी कचरा वेगळा करणाऱ्या मावशी माझ्याजवळ आल्या, टाकीकडे बघून म्हणाल्या, “ताई, ह्याला अजीर्ण झालंय. तीन दिस हालमधी लग्नं होती. भात, जिलबी, गुलाबजाम, समदं ह्याच्याच नरड्यात घातलंय. आता लंघन करू द्या.”

माझ्या वहीत त्या तीन दिवसांपुढे लिहिलं होतं: ४८०, ४९५, ४९०. वजन रोजच्यासारखंच. आत काय आहे याचा रकानाच नव्हता.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: टाकीत दोन प्रकारचे सूक्ष्मजीव असतात. एक अन्नाचं आम्ल करणारे, ते भराभर वाढतात. दुसरे त्या आम्लाचा मिथेन करणारे, ते संथ आणि नाजूक. भात, साखर, पाक एकदम पडलं की पहिल्यांची चंगळ होते, आम्ल साठतं आणि दुसरे मान टाकतात. उपाय म्हणजे खायला घालणं बंद करायचं, चुना घालून आंबटपणा मारायचा, ताजं शेण कालवायचं आणि थांबायचं. मावशींनी कुठलंही पुस्तक न वाचता पहिली पायरी सांगितली होती. नऊ दिवस लंघन, मग घमेल्याने थोडं थोडं. तिसऱ्या आठवड्यात ज्योत निळी झाली. मी तिथे भट्टीजवळ उभी राहून रडले होते, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

त्या दिवसापासून वहीत नवा रकाना आला: ‘आज काय आलं’. तो मावशी सांगायच्या, मी लिहायचे. कुठल्या इमारतीत पाहुणे, कुणाकडे बारसं, कुणी लिंबाच्या सालींचं पोतं आणून टाकलंय.

आता मला सांगा, चार वर्तुळांच्या कागदावर हे कुठे सापडलं असतं?

स्वतःला ओळखणं म्हणजे काय, ते मला त्या लंघनाच्या नऊ दिवसांत कळलं. प्लांट बंद, करायला काम नाही, म्हणून मी पहिल्यांदा वर्गीकरणाच्या टेबलाशी मावशींच्या शेजारी उभी राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा! तेव्हा लक्षात आलं की मला त्या ओल्या टेबलाची किळस वाटत होती आणि केबिन हे त्यावरचं पांघरूण होतं. हेही लक्षात आलं की मी नोकरी सोडली ती पृथ्वीसाठी असं सगळ्यांना सांगत होते, पण ‘किती मोठा त्याग केलास’ हे ऐकण्याची मला चटक लागली होती. आणि एक चांगली गोष्टही सापडली: बिघडलेलं पुन्हा चालू करण्यात मला जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही. त्या जोरावर मी पुढची सगळी वर्षं काढली. अहवाल लिहायच्या, जास्त पगाराच्या नोकऱ्या आल्या, त्या नाकारताना मला एक रात्रही जागावं लागलं नाही. हे एकटीने खोलीत बसून मला कधी उमगलं नसतं. मावशींच्या शेजारी उभं राहिल्यावरच उमगलं.

पैशाचं काय, असं विचाराल. मान्य. नवऱ्याचा पगार चालू होता आणि घराचा हप्ता नव्हता, म्हणून मला उडी मारता आली. सगळ्यांना जमत नाही. पुढे चला.

मला राग याचा येतो की पुण्यासारख्या शहरात राहून आपण मुलांना समुदाय म्हणजे ऑनलाइन ओळखी असं शिकवतो. इथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी ‘आम्ही कामगार आहोत’ म्हणत ओळखपत्रं मिळवली. त्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, जिच्या मालक त्या बायकाच. दारोदार कचरा गोळा करणं हा त्यांनी हक्काचा रोजगार केला. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका करून वेगळं द्या, हे साधं सांगणं त्यांच्या हाताला झालेल्या त्रासातून आलं. हा समुदाय! दुष्काळात गाव सोडून आलेल्या, ज्यांना शाळा मिळाली नाही अशा बायकांनी हरित उद्योग उभा केला, तेव्हा आपल्याकडे हा शब्दही कुणी वापरत नव्हतं. आणि आज त्याच क्षेत्रातल्या ‘संधी’ सांगताना मंचावर त्यांच्यासाठी एक खुर्ची नाही?

केंद्र सरकारच्या २०१६च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायची जबाबदारी टाकली. त्यामुळे काम वाढलं, पदं निघाली, पगार आले. चांगलं झालं. पण मी पाहते, नवीन येणारी मुलं थेट डॅशबोर्डसमोर बसतात. माझीच केबिन, फक्त आता स्क्रीनवर. त्यांच्याही तक्त्यात ‘आज काय आलं’ हा रकाना नसतो.

असो. थोडं पाणी प्यायले.

मला कुणाला नाउमेद करायचं नाहीये. वाटा आहेत आपल्याकडे, चांगल्या आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, शेती, ऊर्जा असं हाताने करत शिकवलं. गावाला जे लागतं ते करून द्यायचं आणि त्यातच शिकायचं. गडचिरोलीत २००६ पासून ‘निर्माण’ची शिबिरं होतात, ‘मी माझ्या आयुष्याचं काय करू’ हा प्रश्न घेऊन मुलं तिथे जातात. माझी एक मैत्रीण गेली होती. ती म्हणते, उत्तरापेक्षा बरोबरीने तोच प्रश्न पडलेली माणसं मिळाली, तेच पुरलं. या दोन्ही ठिकाणी प्रश्न आणि माणसं एकत्र आहेत. कुणी दहा मिनिटं लावून कागद भरून घेत नाही.

मला वीस मिनिटं दिली होती. मी हेच सगळं सांगायचा प्रयत्न केला आणि नीट सांगता आलं नाही. रागाने आवाज चढला. प्रश्नोत्तरांत एका मुलाने विचारलं, “मॅम, स्टार्टिंग पॅकेज किती?” त्याच्यावर उगाच वैतागले. त्याच्या घरी काय आहे मला काय माहीत? त्याचा प्रश्न खरा होता. सुरुवातीला कमी असतं, तेवढं साधं उत्तर द्यायला हवं होतं. तो हे वाचत असेल तर माफ कर रे.

निघताना मात्र मागच्या फाटकाशी एक मुलगी दिसली. दुसऱ्या वर्षाची. त्या ताईंच्या शेजारी उकिडवी बसली होती आणि बाटल्यांची झाकणं काढून वेगळी करत होती. ताई तिला सांगत होत्या, झाकणाचं प्लास्टिक वेगळं, भाव वेगळा. मी थांबले. तिच्या हातावर गुलाबजामचा पाक होता. मला म्हणाली, “मॅडम, तुमच्या मावशी अजून काम करतात का? मला त्यांना भेटता येईल?”

मावशी आता साठीच्या पुढे आहेत, गुडघा दुखतो, तरी आठवड्यातून तीन दिवस येतात. घरी आल्यावर फोन केला, म्हटलं एक पोरगी शिकायला येतेय, गुरुवारी साडेसहाला.

म्हणाल्या, “येऊ दे की. पन चपला घालून नको म्हनावं, बूट घालून ये म्हनावं. आन् सकाळी कायतरी खाऊन ये, उपाशीपोटी तो वास सोसत न्हाय पहिल्या दिशी.”