‘लोकांना घाबरवता’ म्हणणाऱ्या स्टुटगार्टकरांना उत्तर

स्टुटगार्टकर, नमस्कार.

नोकरी संपताना कंपनीकडून रक्कम घेतली तर बेकारी भत्ता अडू शकतो, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘जर्मनीत नोकरी जाताना कंपनी देते ती अबफिंडुंग आणि बेकारी भत्ता यांचा काडीचा संबंध नाही. माझ्या मित्राला दोन्ही पहिल्या दिवसापासून मिळालं. वकील नसताना लोकांना घाबरवायचे धंदे बंद करा.’ पुढे कर, पेन्शन वगैरेही बरंच आहे. माझा लेख त्यावर नव्हता, तेव्हा ते सोडून देते.

‘धंदे’ हे मला लागलं. या ब्लॉगवर एक जाहिरात नाही. मंडळाच्या गणपतीत ज्यांच्या पंगतीला बसतो, त्यांच्याशी तुम्ही असंच बोलता का?

आणि घाबरवते म्हणे! माझ्या नवऱ्यापुढे कंपनीनं आउफहेबुंग्सफरट्राग ठेवला, म्हणजे परस्परसंमतीनं नोकरी संपवायचा करार. रक्कम घसघशीत, पण नोकरी संपायची तारीख नोटिशीच्या मुदतीच्या बरीच आधीची. ‘शुक्रवारपर्यंत सही करा.’ घरात दोन लहान मुलं. आम्ही अडून बसलो. तारीख मुदतीप्रमाणे करून घेतली, आणि सही केली नसती तरी कंपनी कामकपातीमुळे त्याच तारखेला काढणारच होती, हे करारात लिहून घेतलं. म्हणून भत्ता वेळेवर सुरू झाला. त्या आठवड्यात झोप लागत नव्हती. भीती म्हणजे काय, हे मला तुम्ही शिकवू नका.

आता कायदा. सामाजिक कायदेसंहितेच्या तिसऱ्या भागातलं कलम १५८ म्हणतं : नोटिशीची मुदत न पाळता नोकरी संपली आणि त्यापोटी रक्कम मिळाली, तर भत्ता पुढे ढकलला जातो. फार तर ती मुदत संपेपर्यंत, आणि कधीच वर्षाहून जास्त नाही. किती दिवस ढकलायचा, हे ठरवताना रकमेचा जास्तीत जास्त ६० टक्के भाग धरतात. वय आणि नोकरीची वर्षं वाढतील तसा तो २५ टक्क्यांपर्यंत उतरतो. यात भत्ता उशिरा मिळतो, पण हक्काचे दिवस बुडत नाहीत.

कलम १५९ मात्र बुडवतं. सबळ कारण नसताना स्वतः सही करून नोकरी संपवली, तर १२ आठवडे भत्ता बंद, शिवाय एकूण हक्काचा किमान चौथा हिस्सा कायमचा गेला. वर्षभराचा हक्क असेल तर तीन महिने गेले. मुदत पूर्ण पाळली तरी हे कलम लागू शकतं. एवढं सांगणं म्हणजे घाबरवणं असेल, तर मी पुढेही घाबरवणार.

तुमच्या मित्राला दोन्ही मिळालं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बहुधा कंपनीनंच त्याला पूर्ण मुदतीची नोटीस दिली असेल आणि नोकरीच्या दर वर्षाला अर्ध्या महिन्याच्या पगाराच्या हिशेबानं रक्कम दिली असेल. नोकरी-संरक्षण कायद्यात तशी सोय आहेच, आणि तिथे भत्ता अडत नाही. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं.

एक मात्र मान्य : ही दोन कलमं मी एकाच उपशीर्षकाखाली ठेवली होती, घाईत वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. ती आता वेगळी केली आहेत. मी वकील नाही, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे; तिथपर्यंत तरी वाचायचं होतंत.

मित्राला दोनच तारखा विचारा : नोटीस हातात कधी पडली आणि नोकरी कधी संपली. मग लिहा, आणि आपल्या खऱ्या नावानं लिहा.