पैसे हातात द्या आणि पावती मागू नका

कमी उत्पन्नाच्या घरात पैसा कमी असतो, हे कुणी सांगायला लागत नाही. पण तो कधी येईल याचाही भरवसा नसतो, आणि ते जास्त पोखरतं. हातावर पोट असलेल्या माणसाचा एक खाडा झाला तरी पुढच्या आठवड्याची घडी विस्कटते. मग ताप अंगावर काढायचा, दुरुस्ती पुढे ढकलायची, एकाचे हातउसने फेडायला दुसऱ्याकडून उचल घ्यायची. आज थोडक्यात निभावलं असतं ते दोन महिन्यांनी चौपट होऊन समोर येतं.

म्हणूनच मी विनाअट रोख मदतीच्या बाजूने आहे. रक्कम थेट कुटुंबाच्या हाती द्यायची आणि कशावर खर्च करायची ते त्यांनी ठरवायचं. पावती नाही, हजेरीचा दाखला नाही. हा विषय काढला की चर्चा दारू आणि आळस या दोन शब्दांपाशीच अडकते, म्हणून ते आधी उरकते.

डेव्हिड एव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला. जागतिक बँकेने तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना जवळपास कुठेच आढळलं नाही, काही ठिकाणी तर तो घटला होता. आळसाचं म्हणाल, तर अमेरिकेत १००० जणांना तीन वर्षं दरमहा १००० डॉलर देऊन झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. इतरांच्या तुलनेत त्यांचं काम आठवड्याला सरासरी सव्वा तासाच्या आसपास कमी झालं. घट झाली, हे मी लपवणार नाही. पण आठवडाभर राबणाऱ्या माणसाने स्वतःसाठी किंवा मुलांसाठी सव्वा तास राखला, तर त्याला आळस म्हणायची माझी तयारी नाही. आणि मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने केलेल्या प्रयोगात मोठ्यांना महिन्याला आधी २०० आणि नंतर ३०० रुपये मिळत होते, मुलांना त्याच्या निम्मे. तिथे लोक दुसऱ्याकडच्या मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे आणि छोट्या धंद्याकडे वळले.

आता मला जे खरं बोलायचंय ते.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती मोठी रक्कम येते ती तोडणीनंतर. त्याआधीचे महिने ओढाताणीचे असतात. आनंदी मणी, सेंधिल मुलईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर अशा दोन्ही वेळी विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. तीच माणसं पैसे आल्यानंतर या चाचण्या स्पष्टपणे चांगल्या सोडवत होती. ‘हे लोक विचार करत नाहीत, म्हणून गरीब राहतात’ असं बिनदिक्कत म्हणणाऱ्यांनी यावर थोडं थांबावं. कुणाचं देणं आधी द्यायचं, कुणाची मनधरणी करायची, कोणत्या मुलाची गरज या महिन्यात मागे ठेवायची, हा हिशोब ज्याच्या डोक्यात दिवसरात्र चालू आहे, त्याच्याकडे दुसऱ्या कशासाठी डोकं उरणार कुठून?

हा हिशोब थांबला की काय होतं, याचा एक दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅनडातल्या डॉफिन या लहान गावात १९७४ ते १९७९ या काळात प्रत्येक कुटुंबाला हमी होती, की उत्पन्न फार घसरलं तर आधार मिळेल. प्रयोग गुंडाळला गेला आणि त्याची कागदपत्रं खोक्यांत पडून राहिली. पुढे एव्हलिन फोर्जे या अर्थतज्ज्ञ संशोधकांनी त्या काळातल्या आरोग्याच्या नोंदी तपासल्या. तुलनेच्या गटापेक्षा डॉफिनकरांचं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ८.५ टक्क्यांनी घटलं होतं, विशेषतः अपघात-दुखापती आणि मानसिक आजार यांच्या बाबतीत. मुलं शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत टिकत होती. लक्षात घ्या, गावातल्या बहुसंख्य घरांना प्रत्यक्षात पैसे घ्यायची वेळच आली नव्हती. पडलो तर कुणीतरी धरेल, एवढी खात्री मात्र सगळ्यांना होती.

आता केनियाकडे बघा. तिथल्या गरीब कुटुंबांना एका संस्थेने मोबाइलवरून रोख रक्कम पाठवली आणि योहानेस हाउसहोफर व जेरेमी शपिरो यांनी त्याचा परिणाम मोजला. अनेकांनी त्यातून घरावर पत्रे घातले. शहरात बसून हे वाचताना वाटेल, खायची भ्रांत आणि पत्रे कसले घेता? पण गवताचं छप्पर पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं, त्याचा खर्च दरवेळी होतो आणि तरी ते गळतं. पत्र्यांना एकदम मोठी रक्कम लागते, मग मात्र वर्षानुवर्षं तो खर्च वाचतो. हे गणित त्या घरांना आधीपासून येत होतं, फक्त हाती एकरकमी पैसा कधी नव्हता. ज्यांना रक्कम दर महिन्याला मिळाली त्यांच्या घरात पोटाची चिंता जास्त कमी झाली, आणि ज्यांना एकदम मिळाली त्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. दोन्ही निर्णय मला शहाणपणाचेच वाटतात.

अटींना माझा विरोध आहे तो यामुळेच. अट घालणाऱ्याला त्या घरातली गळती कुठे आहे हे माहीत नसतं. मुलीला शाळेत पाठवलंत तरच पैसे, हे ऐकायला रास्त वाटतं. मलावी या आफ्रिकेतल्या देशात किशोरवयीन मुलींबाबत संशोधकांनी हेच तपासून पाहिलं: काहींना शाळेच्या हजेरीची अट, काहींना कुठलीच अट नाही. अटीमुळे शाळेतली हजेरी जास्त सुधारली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण लहान वयातली लग्नं आणि गरोदरपण कमी झालं ते विनाअट पैसे मिळालेल्या गटात, मुख्यतः शाळा अर्धवट सोडलेल्या मुलींमध्ये. अट असती तर नेमक्या याच मुलींचे पैसे बंद झाले असते. जिला आधाराची सर्वात जास्त निकड आहे तीच अटीच्या बाहेर पडते, आणि कागदावर योजना यशस्वी दिसते.

पैसे कुणाच्या हाती पडतात यानेही फरक पडतो. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांचं पेन्शन आजीला मिळत असेल तर तिच्याबरोबर राहणाऱ्या नातींचं पोषण सुधारलं, असं अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांना आढळलं. आजोबांना मिळत असेल तर तसा परिणाम दिसला नाही.

रोख रकमेने सगळंच सुटतं असं मी म्हणत नाही. अमेरिकेत १००० गरीब मातांना बाळाच्या जन्मापासून दरमहा पैसे देण्याचा प्रयोग झाला, काहींना ३३३ डॉलर, काहींना फक्त २०. मुलं चार वर्षांची झाल्यावर भाषा, वागणूक वगैरे मुख्य मोजमापांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ही बातमी आल्यावर ‘बघा, पैसे वाया गेले’ असं म्हटलं गेलं, त्याचा मला राग आला. जवळ दवाखाना नसेल, शाळेत शिक्षक नसतील, तर महिन्याच्या त्या रकमेने ते उभे राहणार नाहीत. ती सरकारची जबाबदारी आहे आणि रोख मदतीचं निमित्त करून ती कुणी अंगाबाहेर टाकू नये. पण एखाद्या आईला महिनाअखेरीस कुणापुढे हात पसरावा लागला नाही, तर ते मला पुरेसं कारण वाटतं. त्यासाठी तिच्या बाळाने परीक्षेत गुण मिळवून दाखवायची गरज नाही.

आणि मलावीतली गोष्ट तिथेच संपत नाही. मदत थांबली, तसं विनाअट गटात जे कमावलं होतं ते बरंचसं लवकरच ओसरलं. म्हणून योजना आखणाऱ्यांकडे माझं मागणं आहे: रक्कम एक वेळ थोडी कमी ठेवा, पण ती ठरल्या तारखेला येऊ द्या. किती काळ मिळणार ते पहिल्या दिवशी सांगा. बंद करायची असेल तर निदान वर्षभर आधी कळवा, म्हणजे त्या घराला त्या हिशोबाने उसनवारी टाळता येईल, मुलीच्या शिक्षणाचा निर्णय घेता येईल, पत्रे आत्ता घ्यायचे की थांबायचं ते ठरवता येईल.