‘युरोपात एकच पोलिस, एकच वॉरंट’: फिरत्या दाव्याची मुद्देसूद तपासणी

भारतातून पळालेला कुणी आर्थिक गुन्हेगार युरोपात सापडला, की एक दावा हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘युरोपातल्या २७ देशांचे पोलिस एक. युरोपोल कुठेही जाऊन बेड्या ठोकतं. युरोपीय वॉरंट निघालं की आरोपी दुसऱ्या दिवशी हवाली, कुठलंही कोर्ट आडवं येत नाही. एका देशातला पुरावा सगळीकडे आपोआप चालतो. हे सगळं हेगमधलं युरोजस्ट नावाचं कोर्ट चालवतं. मग आपल्यालाच एवढी वर्षं का लागतात?’

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. पण प्रत्येकाच्या बुडाशी एखादी खरी गोष्ट आहे, म्हणून दावा पटतो. एकेक घेऊ.

‘युरोपोल बेड्या ठोकतं’

नाही. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलिस सहकार्य संस्था. संघाच्या कार्यपद्धतीविषयक कराराचं कलम ८८ स्पष्ट सांगतं की सक्तीची कारवाई फक्त त्या त्या देशाच्या यंत्रणेनेच करायची. युरोपोलचा माणूस छाप्याच्या वेळी हजर असू शकतो, जप्त केलेला फोन तिथल्या तिथे तपासून माहिती जुळवू शकतो. दार मात्र स्थानिक पोलिसच ठोठावतात, तेही स्थानिक कायद्याने मिळालेल्या परवानगीवर.

‘वॉरंट निघालं की दुसऱ्या दिवशी हवाली’

युरोपीय अटक वॉरंटची चौकट १३ जून २००२ ला ठरली आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाली. तिने जुन्या प्रत्यार्पणातल्या तीन मोठ्या अडचणी काढल्या. मंत्र्याची सही गेली, निर्णय न्यायालयाकडे आला. ‘आमचा नागरिक आहे, देणार नाही’ हे कारण उरलं नाही. आणि ३२ प्रकारच्या गुन्ह्यांत (खून, मानवी तस्करी, अमली पदार्थ, फसवणूक वगैरे) हे कृत्य आमच्याकडेही गुन्हा आहे का, ही तपासणी बंद झाली. अट एवढीच, की वॉरंट काढणाऱ्या देशात त्या गुन्ह्याला कमाल ३ वर्षं किंवा जास्त शिक्षा हवी.

तरीही मुदती दिवसांत आहेत, तासांत नाहीत. आरोपीने संमती दिली तर संमतीपासून १० दिवसांत निर्णय. नाही दिली तर अटकेपासून ६० दिवस, गरज पडल्यास आणखी ३०. अंतिम निर्णयानंतर प्रत्यक्ष ताबा द्यायला पुन्हा १० दिवस. हे शेवटचे १० दिवस दिसतात तितके सोपे नसतात. बंदोबस्त, विमान, मधल्या देशातून नेण्याची परवानगी असं सगळं त्यात बसवायचं. काही अपरिहार्य कारणाने तारीख चुकली तर नवी ठरवता येते. पण मुदत संपली आणि माणूस अजून कोठडीतच असला, तर त्याला सोडावं लागतं.

वॉरंट हा ठरावीक नमुन्यातला फॉर्म असतो आणि घोटाळे होतात ते त्याच्या रकान्यांत. ‘ब’ क्रमांकाच्या रकान्यात मूळ देशी वॉरंटचा किंवा निकालाचा उल्लेख लागतो. हंगेरीने एकदा युरोपीय वॉरंट काढलं, पण त्यामागे वेगळं देशी अटक वॉरंटच नव्हतं. युरोपीय न्यायालयाने (युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने) जून २०१६ मध्ये ते वैध धरायला नकार दिला. ‘इ’ रकान्यात गुन्ह्याची जागा, वेळ आणि आरोपीचा नेमका सहभाग लिहायचा असतो. तिथे ‘टोळीचा सदस्य’ एवढंच लिहिलं की समोरचं न्यायालय खुलासा मागवतं आणि ६० दिवसांतले आठवडे उडतात. आरोपीच्या गैरहजेरीत खटला झाला असेल तर ‘ड’ रकाना जपून भरावा लागतो. शिवाय सगळं भाषांतर अटक करणाऱ्या देशाच्या भाषेत. आरोपी कुठे आहे हे माहीत नसताना नोंद शेंगेन माहिती प्रणालीत (देशोदेशीच्या पोलिसांच्या सामाईक संगणकीय नोंदवहीत) टाकलेली असते, त्यामुळे तो कुठल्या देशात सापडेल याचा पत्ता नसतो. लिस्बनला साध्या वाहन तपासणीत सापडला तर पोर्तुगीज भाषांतराची धावपळ तेव्हा सुरू होते.

सही कोणाची, हाही प्रश्न असतो. मे २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की जर्मनीतल्या सरकारी वकिलांना न्यायमंत्री आदेश देऊ शकतो, म्हणून त्यांनी स्वतः काढलेलं वॉरंट चालणार नाही. तेव्हापासून तिथे न्यायाधीश सही करतात.

‘कोर्ट आडवं येत नाही’

येतं, आणि जाणत्या वकिलाची सगळी भिस्त त्यावरच असते. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताचे माजी प्रमुख आणि स्वातंत्र्यवादी नेते कार्लस पुजदेमोन यांना मार्च २०१८ मध्ये जर्मनीत पकडलं तेव्हा स्पेनचा मुख्य आरोप बंडाचा होता. बंड त्या ३२ प्रकारांत नाही. म्हणून श्लेस्विगच्या न्यायालयाने जर्मन कायद्याशी ताडून पाहिलं आणि जुलैत सांगितलं: सरकारी पैशाच्या गैरवापरासाठी देऊ, बंडासाठी नाही. जो आरोप मान्य होतो, तेवढ्याचाच खटला नंतर चालवता येतो. त्यामुळे आठवडाभरात स्पेनने वॉरंटच मागे घेतलं.

दुसरी अडचण तुरुंगाची. हंगेरी आणि रुमेनियातल्या तुरुंगांबद्दल ब्रेमेनच्या न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नावर ५ एप्रिल २०१६ ला युरोपीय न्यायालयाचं उत्तर आलं: अमानुष वागणुकीचा खरा धोका दिसत असेल तर आधी माहिती मागवा, समाधान होईपर्यंत हवाली करणं थांबवा. हा धोका मोजतात कसा, तर अक्षरशः टेप लावून. अनेक कैद्यांच्या कोठडीत माणशी ३ चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल, तर मानवी हक्कांचा भंग झाला असं जोरदार गृहीतक धरलं जातं. युरोपीय न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९ च्या निकालाने मोजणीही ठरवून दिली: शौचालय आणि धुण्याची जागा धरायची नाही, खाटा-टेबलांनी व्यापलेली जागा धरायची, पण कैद्याला नीट हालचाल करता आली पाहिजे.

मुंबईच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. आर्थर रोड तुरुंगाच्या बॅरेक क्रमांक १२ बद्दल भारताने लंडनच्या आणि बेल्जियमच्या न्यायालयांपुढे हमीपत्रं दिली ती याच मोजपट्टीपायी. आणि ‘आपल्यालाच वर्षं का लागतात’ याचं उत्तरही इथेच आहे. मेहुल चोक्सीला एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली ती भारताच्या प्रत्यार्पणाच्या विनंतीवरून. त्यात युरोपीय वॉरंटचा संबंध नव्हता, कारण ते फक्त सदस्य देशांनाच काढता येतं. बाहेरच्या देशासाठी दोन्हीकडे गुन्हा असण्याची तपासणी उरते आणि शेवटचा शब्द मंत्र्याचा उरतो. ब्रिटन बाहेर पडल्यावर त्यालाही युरोपीय वॉरंटची सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच मिळाली. आता जर्मनी आपले नागरिक ब्रिटनला देत नाही.

‘पुरावा आपोआप चालतो’

आपोआप काहीच येत नाही, मागावं लागतं. त्यासाठी मे २०१७ पासून युरोपीय तपास आदेश आहे (डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत). पोच आठवड्याभरात, मान्यतेचा निर्णय ३० दिवसांत, त्यानंतर अंमलबजावणी ९० दिवसांत. दुसरा मार्ग संयुक्त तपास पथकाचा: देश लेखी करार करतात आणि पथकात मिळालेला पुरावा सगळे सदस्य वेगळी विनंती न करता वापरतात. इंग्लंडमधल्या एसेक्सला ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्रकमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं मृत सापडली, त्या तपासात असंच पथक होतं.

मिळालेला पुरावा टिकेल का, हे एन्क्रोचॅटमध्ये दिसलं. गुन्हेगारांत लोकप्रिय असलेल्या या कूटबद्ध फोनसेवेचे सर्व्हर फ्रान्समध्ये रूबे शहरात होते. फ्रेंच तपासयंत्रणेने तिथून हँडसेटमध्ये शिरून २०२० च्या वसंतात संदेश वाचले. फ्रान्स आणि नेदरलँड्सचं पथक होतं, जर्मनी त्यात नव्हता. म्हणून फ्रँकफर्टच्या सरकारी वकिलांनी तपास आदेश काढून जर्मनीतल्या फोनचा डेटा मागवला. तीन वर्षांत जगभर ६,५५८ अटका झाल्या, आणि बचावपक्षाने प्रश्न उभा केला: जर्मन भूमीवरचे फोन फ्रान्सने ऐकलेच कसे?

युरोपीय न्यायालयाचं उत्तर ३० एप्रिल २०२४ ला आलं. समोरच्या देशाकडे आधीच असलेला पुरावा सरकारी वकील मागू शकतो, न्यायाधीशच हवा असं नाही. पण फोन ज्या देशात आहे त्याला ऐकणाऱ्या देशाने कळवायलाच हवं, म्हणजे त्याला ९६ तासांत हरकत घेता येते. आणि ज्या पुराव्यावर आरोपीला परिणामकारक म्हणणं मांडता येत नाही, तो निकालावर निर्णायक ठरण्याजोगा असेल तर बाजूला ठेवावा लागतो. याला ‘आपोआप’ म्हणणं अवघड आहे.

‘युरोजस्ट हे कोर्ट आहे’

तिथे न्यायासन नाही, निकाल नाही. २००२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत प्रत्येक देशाचा एक प्रतिनिधी बसतो, बहुधा सरकारी वकील किंवा न्यायाधीश. दोन देश एकाच टोळीवर खटला भरणार असतील तर कोणी भरावा हे ती सुचवते. कारण एका देशात अंतिम निकाल लागला की त्याच कृत्यासाठी दुसऱ्याला खटला चालवता येत नाही. सूचना बंधनकारक नाही, नाकारायची तर कारणं द्यावी लागतात.

खरं काम छाप्याच्या दिवशी दिसतं. बेल्जियममध्ये घरझडती साधारणपणे पहाटे ५ नंतर, फ्रान्समध्ये ६ नंतर. बेल्जियमने ५ ला सुरुवात केली तर फ्रान्समधले साथीदार तासाभरात फोन नष्ट करतात. वेळ कोणी पुढे ढकलायची, न्यायाधीशाची खास परवानगी कोणी घ्यायची, ऐनवेळी तिसऱ्या देशात पत्ता सापडला तर तिथला आदेश कोण काढणार, हे हेगमधल्या समन्वय कक्षात त्या देशांचे वकील एकत्र बसून सोडवतात.

दाव्यातल्या ‘एकच यंत्रणे’च्या जवळ जाणारी संस्था वेगळीच आहे: लक्झेंबर्गमधलं युरोपीय सरकारी वकील कार्यालय, १ जून २०२१ पासून सुरू. ते स्वतः तपास करतं आणि खटला भरतं, पण फक्त युरोपीय संघाच्या पैशाला धक्का लावणाऱ्या गुन्ह्यांत. सीमापार व्हॅट घोटाळा असेल तर नुकसान किमान १ कोटी युरोचं हवं. हंगेरी, आयर्लंड आणि डेन्मार्क त्यात नाहीत. आणि त्याचे खटलेही देशोदेशीच्या नेहमीच्या न्यायालयांतच चालतात.