डोंगरातल्या गावी जाणाऱ्या मुंबईकरांसाठी काही सूचना

गावात पाऊल टाकल्याबरोबर आधी हळहळा. ‘किती बदललं हो गाव!’ पहिल्यांदाच आला असलात तरी चालेल. परवा जावळीत आमच्या गावी ऑफिसातली मंडळी आली, त्यांनी बॅगा खाली ठेवायच्या आत हे उरकलं.

मग पत्र्यांकडे बघून नाक मुरडा. ‘कौलं का काढलीत आजी?’ असं लाडानं विचारा. स्वतः अंधेरीत सतराव्या मजल्यावर राहता, तेव्हा कौलांवर बोलायचा हक्क तुमचाच. वानरांची टोळी एकदा आढ्यावरून नाचून गेली की किती कौलं शाबूत राहतात, हे मात्र विचारू नका. पावसाआधी घर शाकारायला माणूस लागतो आणि धडधाकट माणूस मशीद बंदरला नाहीतर घणसोलीला असतो, हेही नको. इथला पाऊस म्हणजे तुमच्या बाल्कनीतली कांदाभजी नव्हे. रात्रभर गळतीखाली टोप आणि घमेली सरकवत बसावं लागतं. या गावकऱ्यांची भातखाचरं कोयना धरणाच्या पाण्यात गेली, त्याच पाण्यापुढे तुम्ही सेल्फी काढलात, आणि वर म्हणे पत्र्यानं फ्रेम बिघडते!

असो.

पोरगं चायनीज भेळ खाताना दिसलं की संस्कृती बुडाल्याचं जाहीर करा.

चुलीपुढे फोटो हवा असेल तर काकीला गॅसची शेगडी हलवायला सांगा.

आणि तात्यांना जरूर विचारा, ‘तुम्ही कधी बाहेरचं जग पाहिलंय का?’ १९६९ साली हमालांसाठीचा माथाडी कायदा आला तेव्हा तात्या बंदरावर पोती उचलायला शिकत होते. लालबागला गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपून उमेदीची वर्षं काढली. शेटजीशी गुजरातीत, ट्रकवाल्याशी हिंदीत आणि मुकादमाशी शिव्यांत बोलणारा माणूस तो. तुम्ही तर शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते वॉचमनला विचारता.

आता सरळच सांगतो. फोटोसाठी तात्यांना धोतर नेसायला लावलंत, ते मला अजिबात आवडलेलं नाही. ते घरी ट्रॅक पँट घालतात, त्यांना ती बरी वाटते, विषय संपला. तुम्हाला लिफ्ट, एसी, वायफाय सगळं पाहिजे आणि काकीनं मात्र जन्मभर धूर खायचा? कशासाठी, तुमच्या शनिवार-रविवारसाठी? पुन्हा यायचं असेल तर पानात पडेल ते गुमान जेवा आणि घर कसं असावं ते घरच्यांना शिकवू नका. परसात फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या काकीनं वाकून वाकून वेचल्यात, थोडी तरी लाज बाळगा.