बापूची विहीर नकाशात नाही

शनिवारी सुहास कट्ट्यावर आला तोच तणतणत. औंधला पोचायला त्याला पाऊण तास लागला होता, त्यातला निम्मा विद्यापीठ चौकात.

"एवढं मोठं विद्यापीठ, आणि त्याच्याच फाटकासमोर बघा काय चाललंय," तो म्हणाला.

"फाटकासमोरचा उड्डाणपूल विद्यापीठाने बांधला नव्हता," अंजू म्हणाली. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, त्यामुळे विद्यापीठ म्हटलं की तिला लागतं.

"आणि २०२० मध्ये पाडला तोही त्यांनी नाही. तेच तर म्हणतोय मी. कशातच नाहीत ते."

सुहासची सगळी नोकरी नगररचना खात्यात गेली. झोन दाखले, हरकती, सुनावण्या. शहर या विषयावर कट्ट्यावर शेवटचा शब्द आपलाच, असं तो धरून चालतो. पण त्या दिवशी बापू आला होता मुळशीहून, आणि बापूकडे सरकारी आराखड्याचा गुंडाळी केलेला नकाशा होता.

बापूने तो स्कूटरच्या सीटवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार चहाचे ग्लास ठेवले. त्याच्या रानातून आखलेला रस्ता नेमका विहिरीवरून जात होता. आणि विहीर? नकाशात नव्हतीच. तिथे नुसतं हिरवं होतं.

"आज्याने खांदलेली विहीर आहे. उन्हाळ्यात तीन घरं तिच्यावर पितात. ह्या कागदात पडीक!"

"हरकत घे," सुहास सवयीने म्हणाला.

"घेतली. सुनावणीला दोन मिनिटं मिळाली. साहेब म्हणाले, नोंद घेतली."

अंजू हसली. "सुहास, तुमच्याच कायद्यात आहे ना, आधी जमिनीचा सध्याचा वापर मोजायचा, मग आराखडा काढायचा?"

आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात ते स्पष्टच आहे. सुहासने मान डोलावली. "पण मोजणार कोण? खात्यात माणसं नाहीत. मग एजन्सी नेमायची. ती उपग्रहाच्या चित्रावरून रंगवते. झाडाखाली विहीर असली की वरून दिसत नाही."

"मग आम्हाला सांगा की! माझ्या वर्गात साठ पोरं आहेत. टेप आहे, जीपीएस आहे, पाय आहेत."

इथून खरी जुंपली.

सुहासचं म्हणणं फेकून देण्यासारखं नव्हतं. सेमिस्टर संपली की पोरं पांगतात. पुढच्या वर्षीची बॅच नवा विषय घेते. प्राध्यापक अहवाल देऊन मोकळे. उद्या कोणी कोर्टात गेला तर सही कोणाची? "माझी," तो छातीवर बोट ठेवून म्हणाला. "तुमच्या साठ पोरांपैकी एकही साक्षीला येणार नाही."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, ही कल्पना काही अंजूची नाही. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी हेच सांगत इथे फिरला होता: आधी पायी फिरून गाव समजून घ्या, मग पेन्सिल उचला. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा, म्हणजे शहराच्या अभ्यासाचा, विभाग काढला तो त्याच्याच हाती दिला.

"तो उंदीरवाला ना?" सुहासला आठवलं.

तोच. होळकरांच्या इंदूरला प्लेग होता. गेडिसने दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की नेहमीचा मार्ग नाही. ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यात जास्त झाडूनपुसून दुरुस्त झालेली दिसतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. सगळं शहर झाडू घेऊन उठलं. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून चालत होते. मग त्याने १९१८ मध्ये इंदूर दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला, आणि त्या अहवालात नव्या विद्यापीठाचाही आराखडा घातला. शहर आणि विद्यापीठ हे त्याच्या डोक्यात एकाच कागदावर होते.

"आणि मुंबईतल्या विभागाचं पुढे काय झालं?" बापूने विचारलं.

१९२४ मध्ये समाजशास्त्रज्ञ घुर्ये आले. माणूस मोठा, गेडिसचाच विद्यार्थी, पण त्यांची ओढ जातींच्या अभ्यासाकडे. समाजशास्त्र फळलं, नागरिकशास्त्र मागे पडलं. हे मला राहून राहून खटकतं.

"पुण्यात नाही पडलं," अंजू म्हणाली. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची घरोघर पाहणी केली. कोण किती कमावतो, किती खोल्यांत किती माणसं राहतात, सगळं. मुंबई-पनवेल आणि पुणे या प्रदेशांचा विचार कसा करावा हे ठरवायला सरकारने १९६५ मध्ये समिती नेमली, तीही गाडगीळांच्याच अध्यक्षतेखाली. "तुमचा १९६६ चा कायदा त्या वातावरणातला आहे, सुहास."

सुहास गप्प. मग म्हणाला, "गाडगीळ एकच होते."

"असू देत. आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राने कर्जतच्या गावांत पाणी मोजलंच ना? २०१६ मध्ये शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं ते यासाठीच. जिल्ह्याने प्रश्न द्यायचा, जवळच्या कॉलेजने अभ्यास करून द्यायचा."

"मग तुमच्या कॉलेजने किती दिले?"

अंजूने चहाचा घोट घेतला. तिने सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. दोन वर्षांमागे तिची पोरं एका वाडीत दर शनिवारी विहिरीत टेप सोडत. दोरीला दगड, दगडाला टेप. फेब्रुवारीतच तळ लागला. सरकारी दप्तरात त्या विहिरीपुढे बारमाही लिहिलेलं, म्हणून टँकर मंजूर होत नव्हता. पोरांनी तारखा लावून वही दिली. कचेरीतल्या माणसाने वही चाळली आणि विचारलं, ह्यावर शिक्का कुठाय? तिसऱ्या फेरीला टँकर मिळाला. आणि अंजूच्या पदोन्नतीच्या फॉर्मवर त्या वहीला गुण शून्य. शोधनिबंध हवा म्हणे.

"म्हणजे दोन्हीकडे शिक्काच नडला," बापू म्हणाला.

मला विचाराल तर गोम इथेच आहे. प्राध्यापकांनी आराखडा काढू नये. तो निवडून आलेल्यांनी आणि सही करणाऱ्यांनी काढावा. पण मोजलेलं साठवून ठेवणं, दरवर्षी पुन्हा मोजणं, आणि ते बापूला, बिल्डरला, नगरसेवकाला एकाच दराने, म्हणजे फुकट, दाखवणं हे काम कचेरी करणार नाही. तिच्यावर दाब असतो. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ऐंशी हजारांवर हरकती आल्या होत्या, पुढे २०१५ मध्ये सरकारने तो स्वतःच्या हातात घेतला आणि मंजुरीला २०१७ उजाडलं. त्यातल्या किती हरकती नुसत्या "माझी विहीर दाखवा" अशा असतील, देव जाणे.

सुहास नकाशावर वाकला होता. चष्मा कपाळावर. रस्त्याच्या रेषेवर नखाने खूण करत म्हणाला, "हा रस्ता बारा मीटर सरकवला तर जमिनीचा गट नंबर बदलत नाही. पण तसं लेखी मागावं लागेल, मोजणी जोडून."

"मोजणी मी देते," अंजू म्हणाली.

"सही?"

"माझी. विभागाच्या लेटरहेडवर."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही. लिहून देऊ?"

बापूने ग्लास उचलले, नकाशा आपोआप गुंडाळला गेला. रविवारी पोरं आणायचं ठरलं. दोरी माझ्याकडे आहे, तो म्हणाला, दगड तिथंच मिळतील. सुहासने फक्त एवढंच विचारलं, की सकाळी सातला निघालो तर चौक मोकळा मिळेल का.